सारीपाट : मार आहे, वैर नाही



श्रावणाची झड लागलेली आहे. रानात वाफसा नाही, म्हणून औते सुटलेली आहेत. अशा वेळी गावातल्या देवळाच्या सभामंडपात चार गडी घोंगडी टाकून बसतात. मध्ये फुलीच्या आकाराचा कापडी पट पसरलेला असतो. एकजण हातात फासे घोळवतो, तोंडाने हवे ते दान मागतो आणि फासे सोडून देतो. क्षणभर सगळी डोकी खाली वाकतात. आणि मग एकच गलका होतो, "मेली! मेली!"

वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला वाटावे, काय अनर्थ झाला हो! झालेले असते एवढेच, की पिवळी सोंगटी सगळा पट फिरून आपल्या घराच्या तोंडाशी आली होती, आणि मागून आलेल्या हिरवीने तिला गाठून मारले. आता ती पिवळी पुन्हा पहिल्यापासून निघणार.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते या सारीपाटाविषयी. फाशांचे नाव काढले की आपल्याला हस्तिनापूरची सभा आठवते, द्रौपदीचे वस्त्रहरण आठवते, आणि फासा म्हणजे घर बुडवणारी वस्तू असे आपण ठरवून टाकतो. पण त्याच फाशांनी, एकमेकांना धडाधड मारत, आपल्या आज्या-पणज्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हसतखेळत दुपारी घालवल्या. मग एका पटावरून उठलेली माणसे वनवासाला गेली आणि दुसऱ्या पटावरून उठलेली माणसे भाकरी खायला घरी गेली, हा फरक कशाने पडला? इतिहासात त्याचे उत्तर सापडते, असे मला वाटते.

आधी खेळ कसा असतो ते थोडक्यात पाहू. ज्यांनी तो कधी पाहिला नाही अशी मुले आता पुष्कळ आहेत.

सारी म्हणजे सोंगटी आणि पाट म्हणजे पट. पटाला चार बाजू. प्रत्येक बाजूवर तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत 8 घरे. म्हणजे एका बाजूवर 24 आणि चारी मिळून 96 घरे. सोंगट्या 16, चार रंगांच्या चार-चार. समोरासमोरचे दोघे भिडू. काळ्या-पिवळ्यांचा एक पक्ष, तांबड्या-हिरव्यांचा दुसरा. सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्या बाजूच्या मधल्या रांगेने बाहेर येते, साऱ्या पटाला वळसा घालते आणि पुन्हा त्याच रांगेने आत शिरते. शिक्षक बंधूंनी मुलांकडून ही वाट मोजून घ्यावी. बाहेर यायला 8 पावले, वळसा 68 पावलांचा, आत जायला पुन्हा 8. एकूण 84! चौऱ्यांशीचा फेरा आपण म्हणतो, तो हाच की काय असे वाटावे. योगायोगच असेल, पण मोठा मजेचा योगायोग आहे.

या वाटेवर शत्रूची एकटी सोंगटी सापडली आणि तुमचे दान नेमके तिच्या घरावर पोचले, की ती मेली. दोन सोंगट्या एका घरात जोडीने बसल्या तर त्यांना 'जुग' म्हणतात. जुगाला सहसा कोणी हात लावू शकत नाही. जुग फुटले, की मात्र मागे राहिलेल्या एकटीचे काही खरे नाही.

फासे तीन, लांबट, चार बाजूंचे. त्यांवर 1, 2, 5 आणि 6 असे ठिपके. तिन्ही मिळून 64 प्रकारे पडू शकतात. एक, दोन किंवा तिन्ही फासे मिळून एक सोंगटी चालवता येते असे धरले, तर गंमत पाहा. शत्रू तुमच्या मागे एका घरावर असेल, तर 64 पैकी 37 वेळा तो तुम्हाला मारू शकतो. तीन घरांवर असेल तर 19 वेळा, आणि चार घरांवर असेल तर फक्त 13 वेळा. फाशांवर तीन आणि चार नाहीतच, ते बेरजेने जुळवावे लागतात. म्हणजे कुठे बसावे आणि कुठे बसू नये याला अक्कल लागते. दान दैवाचे खरे, पण कोणती सोंगटी हलवायची हे आपणच ठरवायचे असते.

आणि मारल्यावर? मारणाऱ्याला आनंद होतो, यात शंका नाही. मरणारा चडफडतो, यातही नाही. पण पटावरचे मरण हे कायमचे मरण नव्हे. मेलेली सोंगटी हातात येते, आणि पुढच्या दानाला ती पुन्हा वाटेला लागते. ज्याने आता मारले त्याच्याच मागावर ती निघालेली असते. सूड घ्यायला दुसरा दिवस उजाडावा लागत नाही, बरं का. चार दानांत हिशेब चुकता होतो.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत दोन भाऊबंद होते. आम्ही पोरे थोरल्यांना आबा आणि धाकट्यांना तात्या म्हणत असू. दोघांच्यात बांधावरून तंटा होता. तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत, दोघे एकाच एस.टी.ने जात आणि वेगवेगळ्या बाकांवर बसून परत येत. पण पावसाळ्यात पट मांडला की समोर येऊन बसणार! आबांनी सोंगटी मारली की म्हणायचे, "जा तात्या, घरी जाऊन पाणी पिऊन ये." तात्या म्हणायचे, "येतो ना आबा, तुमच्या पाठीवरच येतो बघा." रानात जे बोलता येत नव्हते ते दोघे पटावर बोलून घेत. या दोघांकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी जरा मागे जाऊ.

फासा आपल्या देशात फार जुना. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडोला उत्खननात फासे निघालेले आहेत. पुढे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 34 वे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. त्या काळचे फासे म्हणजे बेहड्याची फळे. हा जुगारी बायकोला मुकला, घराला मुकला, कर्जाच्या भीतीने रात्री दुसऱ्यांच्या दारात जाऊ लागला. शेवटी त्याला उपदेश केला आहे तो असा, की बाबा, फासे टाकून दे आणि आपली शेती कर. इतक्या प्राचीन काळी हा सल्ला दिलेला आहे. शेतकरी श्रोत्यांनी तो आपला म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता महाभारत. भिंतीवरच्या चित्रांत आणि नाटक-सिनेमांत धर्मराज आणि शकुनी यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचा सारीपाट मांडलेला दाखवतात. पण सभापर्वातला तो प्रसंग बारकाईने वाचा. तिथे सोंगटी पुढे सरकल्याचे, कोणाची मेल्याचे, कोणाची घरी पोचल्याचे वर्णन नाही. धर्मराज पण लावतो, फासे पडतात, शकुनी म्हणतो जिंकले. पुन्हा पण, पुन्हा फासे. धन गेले, दासदासी गेल्या, राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, शेवटी द्रौपदी. तिथे वाट नाही, वळसा नाही, मेलेल्याला परत निघण्याची सोय नाही. त्या सभेत नुसता पण होता. ज्याला आपण खेळ म्हणतो तो नव्हताच. हा फरक मनात धरून पुढे चला.

आपल्याकडे देवांनाही हा नाद लावलेला आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसलेले कोरले आहेत. 21 व्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, आणि 29 व्या धुमार लेण्यातही ते शिल्प पाहायला मिळते. डाव रंगला आहे, पार्वतीमाय रुसून उठू पाहते आहे आणि महादेव तिला थांबवतो आहे. शेकडो वर्षांपूर्वी कारागिराने दगडात धरलेले हे नवरा-बायकोचे भांडण आजही ओळखीचे वाटते. दिवाळीतल्या बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शिव-पार्वती खेळले अशी श्रद्धा आहे.

आणि खंडोबा तर आपल्या घरचाच देव. जागरणात वाघ्या-मुरळी सांगतात ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मल्हारी आणि म्हाळसा सारीपाट खेळले, मल्हारी हरला आणि बारा वर्षांच्या वनवासाला निघाला. तो गेला बाणाईच्या धनगरवाड्यात आणि तिथे चाकर होऊन मेंढरे राखली. ज्या चौंडी गावी 1725 साली अहिल्यादेवींचा जन्म झाला आणि ज्यांच्या नावाने आज आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, त्यांच्या होळकर घराण्याचे कुलदैवत हाच खंडोबा. लोकांच्या कथेत पट हा देवांचेही नशीब फिरवणारा आहे, आणि त्यातून रडणे निघत नाही, नवा संसार निघतो.

पण आपल्या संतांनी फाशाची दुसरी बाजूही नीट पाहिली होती. श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकीकत लीळाचरित्रात आहे. त्यांना द्यूताचा छंद होता. एकदा मोठी रक्कम हरले. ती फेडण्यासाठी पत्नीकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. मनाला लागले, आणि पुढच्या वैराग्याची एक ठिणगी तिथे पडली. अमाप श्रीमंती असलेल्या घरात, एका डावावरून, नवरा-बायकोच्या विश्वासाला तडा गेला.

आणि आपले नेवासे! 1290 साली ज्ञानेश्वरमाउलींनी प्रवरेच्या काठी गीतेवर टीका सांगितली. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती मोजताना म्हणतात, छळ करणाऱ्यांमधले द्यूत ते मी. यावर माउलींनी जे म्हटले त्याचा भावार्थ असा, की ही चव्हाट्यावर केलेली चोरी आहे, आणि तरीही कोणाला ती अडवता येत नाही. किती नेमके ओळखले पाहा! रात्री घर फोडणाऱ्याला पकडता येते. पण चारचौघांत, सगळ्यांच्या देखत, तुमच्याच हाताने तुमची गाठ सोडवून घेणारा जुगार, त्याला चोर कसे म्हणणार?

माउलींच्या नावाशी परंपरेने आणखी एक पट जोडलेला आहे, तो म्हणजे मोक्षपट. ज्ञानेश्वर आणि निवृत्तिनाथ यांनी तो मुलांसाठी केला, अशी आख्यायिका आहे. आजची सापशिडी त्याच कुळातली. त्या पटावर गुणांच्या शिड्या चढायच्या आणि दुर्गुणांच्या सापांनी खाली यायचे. तिथे कोणी कोणाला मारत नाही. ज्याची लढाई त्याच्या स्वतःशी. सारीपाटाने मात्र माणूस समोर बसवला, आणि रागलोभाला पटावर जागा दिली.

या फुलीच्या पटाचे नियमांसकट नीट वर्णन आपल्याला मिळते ते सोळाव्या शतकात, अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त. सोळा सोंगट्या, तीन फासे, त्यांवर 1, 2, 5, 6 ठिपके. मघाशी सांगितलेले हे सारे त्यात आहे. अकबर बादशहा या खेळाचा इतका शौकीन, की कधी कधी दोनशेहून अधिक माणसे खेळात गोवलेली असत. सोळा डाव पुरे केल्याशिवाय कोणाला घरी जाण्याची मुभा नसे, आणि हे प्रकरण कधी तीन-तीन महिने चाले! जो धीर सोडील त्याला दंड म्हणून मद्याचा प्याला. फत्तेपूर सिक्रीच्या चौकात तर फरसबंदीवरच मोठा पट आखलेला आहे. अबुल फजल पुढे लिहितो त्याचा आशय असा, की वरून ही करमणूक दिसली तरी बादशहा त्यातून माणसांची पारख करीत असे आणि त्यांना आपसात स्नेहाने वागायला शिकवीत असे. पटावर मार खाल्ल्यावर माणूस कसा वागतो, हे पाहिले की तो कळतो. बादशहाला कळले ते आमच्या आळीतल्या आजीलाही कळत होते.

हाच अबुल फजल 1599 साली दक्षिणेच्या मोहिमेवर आला. निजामशाहीच्या किल्ल्यावर चांदबिबीने 1595-96 चा मोगली वेढा परतवला होता. अखेर 1600 साली अहमदनगरचा किल्ला पडला. पटावरच्या लढाईचे नियम ज्याने लिहून ठेवले, त्याने आपल्या मुलखातली खरी लढाईही जवळून पाहिली. तिथे मेलेला शिपाई पुढच्या दानाला उठून उभा राहिला नाही. नगरच्या त्या खंदकाकडे पाहताना हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

हा खेळ आपल्या बोलण्यात किती मुरला आहे, तेही पाहा. मनासारखे दान पडले, फासे उलटे पडले, डाव साधला, पट उधळला, हे सारे आपण रोज म्हणतो. पळून गेलेल्या माणसाने 'पोबारा केला' म्हणतो, तो पोबारा मुळात फाशांतला. पो म्हणजे एक, आणि दोन छक्क्यांचे बारा. 64 पैकी अवघ्या 3 वेळा पडणारे हे दान, आणि ते पडले की सोंगटी एकदम तेरा घरे सुटली! खेळ विसरला गेला तरी शब्द राहिले.

पुढे साहेबाने हा खेळ विलायतेला नेला. 1896 साली इंग्लंडमध्ये त्याचे एक सोपे रूप 'लुडो' या नावाने पेटंट झाले. तीन लांबट फाशांच्या जागी एक चौकोनी फासा, आणि भिडूची रीत गेली. जर्मनीत याच वंशातला एक खेळ 1914 पासून मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याच्या नावाचाच अर्थ आहे, 'माणसा, चिडू नकोस!' महायुद्धात तो जखमी शिपायांच्या इस्पितळांत वाटला गेला. खऱ्या लढाईत हातपाय गमावलेली माणसे खाटेवर बसून एकमेकांच्या सोंगट्या मारीत आणि चिडू नकोस म्हणत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

लुडो आला तेव्हा आपण एक मोठी गोष्ट गमावली. सारीपाटात तुमच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या म्हणून तुम्ही जिंकत नाही. समोरच्या भिडूच्याही पोचाव्या लागतात. म्हणून जाणता खेळाडू कधी कधी घराच्या दारातून सोंगटी आत नेत नाही. भिडू मागे अडकलेला असतो, त्याच्यासाठी तो बाहेर थांबतो, मार खाण्याचा धोका पत्करून पुन्हा वळसा घालतो. मुलांना सहकार म्हणजे काय ते शिकवायला याहून सोपा धडा कुठला?

पट आणि फासे परवडत नसलेल्या घरांतही खेळ थांबला नाही. फरशीवर खडूने पाच-पाच घरांचा चौकोन आखायचा, चार चिंचोके फोडून त्यांची पांढरी बाजू करायची, बांगड्यांचे तुकडे सोंगट्या म्हणून घ्यायचे, की झाला अष्टाचंगा. कुठे त्याला चंफूल म्हणतात. त्यात एक नियम आहे. शत्रूची निदान एक सोंगटी मारल्याखेरीज तुम्हाला आतल्या घरांत प्रवेश नाही. बाजूबाजूने, अंग चोरून, कोणाच्या वाटेला न जाता घरी पोचू म्हणाल तर जमणार नाही. माझी आजी हा खेळ खेळताना नातवाचीसुद्धा गय करीत नसे. मी रडवेला झालो की म्हणायची, "रडतोस काय, तुझं दान आहे, टाक." त्या वाक्याने मी डोळे पुसत असे.

आता आबा आणि तात्यांकडे येतो. एका पाडव्याला कोणी पाहुणा आला होता. तो म्हणाला, नुसतेच काय खेळता, काही लावा तरी. दहा-दहाच्या नोटा पटाच्या कडेला ठेवल्या गेल्या. डाव तोच, फासे तेच, माणसे तीच. पण त्या दिवशी आबांनी सोंगटी मारली तेव्हा ते पाणी पिऊन ये म्हणाले नाहीत, आणि तात्याही हसले नाहीत. तिसऱ्या डावाला तात्या म्हणाले, "आबा, तुम्ही फासा बोटात दाबला." आबा उठले. पट गुंडाळला गेला तो गुंडाळलाच. कोर्टातला दावा पुढे आपसात मिटला. पण दोघे पुन्हा पटावर समोरासमोर बसलेले मी पाहिले नाहीत. इतकी वर्षे मार देऊन-घेऊन जे तुटले नव्हते, ते दहाच्या नोटेने तुटले.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. फासे आता मोबाईलमध्ये गेले आहेत. समोर माणूस दिसत नाही, पण पैसे मात्र खरेच जातात. आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केंद्राने 2025 साली केला. कायदा आपले काम करील. पण पोराच्या हातून मोबाईल काढून घेतला तर त्याच्या हातात दुसरे काय द्यायचे, याचा विचार घराला आणि शाळेलाच करावा लागेल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या गावातल्या एखाद्या आजीच्या पेटीत अजून पट असेल, सोंगट्या असतील. ते बाहेर काढायला सांगा. देवळाच्या ओट्यावर, घाटाच्या पायरीवर दगडात कोरलेली घरे दिसतात का, ते मुलांना शोधू द्या. आपल्या गावात कोणते घर सुरक्षित मानत, कोणत्या दानाला काय म्हणत, हे जाणत्यांना विचारून वहीत उतरवून घ्या. गावागणिक नियम बदलतात, आणि ती माणसे गेली की ते नियमही जातील. मग एखाद्या पावसाळी दुपारी वर्गातच पट मांडा. मुले मारतील, मरतील, ओरडतील. ओरडू द्या. पैसा किंवा पैज तेवढी पटाजवळ येऊ देऊ नका.

आणि एखादे पोर सोंगटी मेली म्हणून रुसून उठू लागले, तर त्याला बसवा आणि फासे त्याच्या हातात द्या. दान त्याचेच असेल.